प्लॅट्सबर्ग ते फोर्ट नॉक्स: उन्हाळ्याच्या सुटीत घडणारे अधिकारी

१९१३ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर अमेरिकी भूदलाचे प्रमुख मेजर जनरल लिओनार्ड वुड यांनी विद्यापीठांच्या प्रमुखांना पत्रे धाडली. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांना सुटीत काही आठवडे सैन्याबरोबर छावणीत राहू द्या, एवढीच विनंती होती. पुढे सैन्यात आलेच पाहिजे असे बंधन नव्हते. मात्र प्रवास, गणवेश आणि जेवण यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग आणि कॅलिफोर्नियातील मॉन्टरे या दोन ठिकाणी मिळून २२२ तरुण आले.

आज साध्या विद्यापीठात शिकत शिकत अमेरिकी भूदलाचा अधिकारी होऊ पाहणाऱ्या कॅडेटला तिसरे वर्ष संपले की केंटकी राज्यातील फोर्ट नॉक्सला जावे लागते. तिथले साधारण पाच आठवडे पार पडल्याशिवाय त्याला कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळत नाही. वुड यांचे निमंत्रण आणि आजची ही अट यांच्यामध्ये शतकाहून अधिक काळ गेला. या वाटचालीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते दोन प्रश्न. सुटी मोकळी ठेवणे कोणाला परवडले? आणि छावणीच्या फाटकातून आत कोणाला घेतले गेले? प्रजासत्ताकाचे सैन्य नागरिकांचे आहे की नाही, हे या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून कळते.

वुड मुळात डॉक्टर. हार्वर्डमधून वैद्यकी शिकलेला हा माणूस अपाची नेता जेरोनिमो याच्याविरुद्धच्या मोहिमेत सैन्याबरोबर गेला आणि त्याने मेडल ऑफ ऑनर मिळवले. पुढे क्यूबात थिओडोर रूझवेल्ट यांच्यासह ‘रफ रायडर्स’ या स्वयंसेवक घोडदळाचे नेतृत्व केले. सैनिक काही महिन्यांत तयार करता येतो, पण त्याला पुढे नेणारा अधिकारी ऐनवेळी तयार होत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. अमेरिकेचे खडे सैन्य तेव्हा जेमतेम लाखभर होते. मोठे कायमचे सैन्य बाळगण्याविषयी त्या देशाला जन्मापासून संशय. वेस्ट पॉइंटची अकादमी १८०२ पासून होती, पण तिथून बाहेर पडणारे अधिकारी मूठभर.

विद्यापीठांत लष्करी शिक्षण नव्हते असे नाही. व्हरमाँटमध्ये कॅप्टन ऑल्डन पार्ट्रिज यांनी १८१९ मध्ये काढलेल्या शाळेत (आजचे नॉर्विच विद्यापीठ) मुलांना डोंगरांतून लांबलांब पायी नेले जाई. १८६२ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. शेती आणि यंत्रशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांना सरकारी जमिनी मिळाल्या आणि त्या बदल्यात लष्करी डावपेच शिकवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हे शिक्षण मैदानावरच्या कवायतीपुरते उरले. आठवड्यातून काही तास सरळ रेषेत चालता येण्याने रात्री पावसात चाळीस माणसांची तुकडी सांभाळता येत नाही. त्यासाठी सलग दिवस लागतात, सलग रात्री लागतात. विद्यार्थ्याकडे त्या फक्त सुटीत असतात.

१९१४ मध्ये शिबिरे चार झाली आणि विद्यार्थी सहाशेंवर गेले. मग ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने ‘लुसिटेनिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले. न्यूयॉर्कमधील ग्रेनव्हिल क्लार्क या तरुण वकिलाने आणि त्याच्या मित्रांनी वुड यांना गाठले: विद्यार्थ्यांसाठी शिबिर होते, मग आमच्यासाठी का नाही? शॅम्प्लेन सरोवराकाठी प्लॅट्सबर्ग येथे १९१५ च्या ऑगस्टमध्ये सुमारे बाराशे वकील, बँकवाले, व्यापारी, पत्रकार खाकी घालून तंबूत राहायला आले. त्यांत न्यूयॉर्कचे महापौर जॉन पुरॉय मिचेल होते, माजी परराष्ट्रमंत्री रॉबर्ट बेकन होते, युद्धवार्ताहर म्हणून नावाजलेले रिचर्ड हार्डिंग डेव्हिस होते. साहेब लोक पहाटे उठून ताटे घासतात आणि सार्जंटची बोलणी खातात, हे दृश्य वर्तमानपत्रांना फार भावले. ही हौस नव्हती, हे मिचेल यांच्या पुढच्या आयुष्याने दाखवले. महापौरपद गेल्यावर ते विमानदलात दाखल झाले आणि १९१८ मध्ये प्रशिक्षणाच्या उड्डाणात विमानातून पडून मृत्यू पावले.

त्याच शिबिरात एक वादही झाला. २५ ऑगस्टला माजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट तिथे भाषणाला आले आणि त्यांनी विल्सन सरकारच्या तटस्थतेवर झोड उठवली. युद्धमंत्री गॅरिसन यांनी वुड यांना कानपिचक्या दिल्या. ती समज योग्यच होती, असे माझे मत आहे. सेनाधिकारी घडवण्याच्या जागी सरकारविरोधी सभा होऊ लागली, तर पुढच्या वर्षी तिथे कोणत्या घरातली मुले येतील हे सांगायला नको. शिबिरांच्या या चळवळीचे पुढे भले झाले, कारण ती सभेवर न थांबता कायद्यापर्यंत पोचली.

३ जून १९१६ चा राष्ट्रीय संरक्षण कायदा हा या वाटचालीतला मुख्य टप्पा. त्याने विद्यापीठांतील विखुरलेल्या लष्करी शिक्षणाला एका सूत्रात आणले आणि ‘रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’, म्हणजे आरओटीसी, ही संस्था उभी राहिली. पुढे बसलेली घडी अशी: पहिली दोन वर्षे प्राथमिक, नंतरची दोन प्रगत, आणि प्रगत वर्षांच्या मध्ये उन्हाळ्यातली सहा आठवड्यांची छावणी. प्लॅट्सबर्गला स्वखुशीने केलेली गोष्ट आता अभ्यासक्रमाचा भाग झाली.

पण त्या घडीत पहिली तुकडी तयार होण्याआधीच अमेरिका महायुद्धात उतरली. मे १९१७ मध्ये सोळा अधिकारी-प्रशिक्षण छावण्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत अधिकारी घडवायचे होते आणि त्यासाठी प्लॅट्सबर्गचाच नमुना घेतला गेला. या छावण्यांत कृष्णवर्णीय तरुणांना प्रवेश नव्हता.

इथे थोडे थांबायला हवे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष जोएल स्पिंगार्न यांनी वेगळी का होईना, पण एक छावणी द्या, अशी मागणी लावून धरली. कृष्णवर्णीय समाजातच त्यावरून दोन तट पडले. वेगळी छावणी मागणे म्हणजे वेगळेपणाला मान्यता देणे, असे म्हणणारे चुकीचे नव्हते. वेगळी नाही मागितली तर एकही अधिकारी होणार नाही, असे म्हणणारेही चुकीचे नव्हते. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यासारखा कडवा समतावादी दुसऱ्या बाजूला उभा राहिला. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी इच्छुकांची नावे गोळा करायचे काम अंगावर घेतले. अखेर आयोवातील फोर्ट डेमॉइन येथे जून १९१७ मध्ये साडेबाराशे जण दाखल झाले: हजार सुशिक्षित तरुण आणि अडीचशे अनुभवी हवालदार-सार्जंट. १५ ऑक्टोबर १९१७ रोजी त्यांच्यातील ६३९ जणांना कमिशन मिळाले. त्यांत चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन नावाचा तरुण होता. सैन्यात वाट्याला आलेल्या अपमानांनी त्याला वकिलीकडे वळवले. शाळांमधला वर्णभेद न्यायालयात मोडून काढण्याची रणनीती त्याने आखली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले थरगुड मार्शल त्याच्याच हाताखाली शिकले. सैन्याने या छावणीतून लेफ्टनंट आणि कॅप्टन मिळवले. देशाला त्याहून कितीतरी अधिक मिळाले.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आरओटीसी चालत राहिली, विरोधही झाला, काही विद्यापीठांनी सक्ती उठवली. या काळातली मला भावलेली गोष्ट दुसरीच आहे. १९२१ ते १९४० दरम्यान ‘सिटिझन्स मिलिटरी ट्रेनिंग कॅम्प्स’ नावाची शिबिरे दर उन्हाळ्यात महिनाभर भरत. प्लॅट्सबर्गला पदरचे पैसे लागत. इथे प्रवास, जेवण, गणवेश सरकारचा. पदवीची अट नव्हती. टप्प्याटप्प्याने चार उन्हाळे पुरे करणाऱ्याला राखीव दलातल्या कमिशनचा मार्ग मोकळा होई. सुमारे चार लाख तरुणांनी निदान एक उन्हाळा तिथे काढला, असा अंदाज आहे. शेवटच्या टप्प्यापर्यंत मात्र फार थोडे पोचले. शेतावरच्या किंवा गिरणीतल्या मुलाला एक उन्हाळा काढता येई, चार काढणे जमत नसे. सरकारने खर्च उचलला तरी बुडालेली मजुरी कोणी भरून देत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात प्रगत अभ्यासक्रम थांबवून झटपट अधिकारी-शाळा काढाव्या लागल्या. युद्ध संपल्यावर आरओटीसी पुन्हा उभी राहिली आणि जुलै १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. आदेश कागदावर किती आणि मातीवर किती, याची साक्ष एका विद्यार्थ्याच्या उन्हाळ्याने दिली आहे.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये भूगर्भशास्त्र शिकणारा, जमैकाहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा कॉलिन पॉवेल १९५७ मध्ये सहा आठवड्यांच्या छावणीसाठी नॉर्थ कॅरोलिनातील फोर्ट ब्रॅगला गेला. साऊथ ब्राँक्समध्ये वाढलेला हा मुलगा प्रथमच दक्षिणेत राहत होता. वर्गात तो सामान्य होता, पण मैदानात, नकाशावर, माणसांना बरोबर नेण्यात त्याचा हात धरणारे थोडे होते. ‘डी’ कंपनीतला सर्वोत्तम कॅडेट म्हणून त्याची निवड झाली. पूर्ण छावणीत त्याचा क्रमांक दुसरा लागला. एका गोऱ्या सार्जंटने त्याला खासगीत सांगितले की पहिला नंबर का हुकला हे लक्षात घे: दक्षिणेतल्या कॉलेजांत परत जाऊन, यंदाचा सर्वांत चांगला कॅडेट कृष्णवर्णीय होता, असे कोणता प्रशिक्षक सांगणार? परतीच्या रस्त्यावर पेट्रोल पंपावर तीन स्वच्छतागृहे होती. एक पुरुषांचे, एक स्त्रियांचे, आणि तिसरे ‘रंगीत’ लोकांचे. छावणीत सर्वोत्तम ठरलेल्या मुलाला त्या तिसऱ्या दारातून जावे लागले. बाल्टिमोर मागे पडेपर्यंत सुरक्षित वाटले नाही, असे पॉवेल यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे.

तरीही सहा आठवडे तंबूच्या आत नियम एकच होता, ही गोष्ट लहान नाही. १९८९ मध्ये हाच पॉवेल अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. त्या पदावरचा पहिला कृष्णवर्णीय तोच आणि आरओटीसीतून आलेलाही पहिला तोच.

१९६४ च्या कायद्याने शिष्यवृत्त्या आल्या आणि आणखी एक उन्हाळा जोडला गेला. पहिली दोन वर्षे आरओटीसीत नसलेला विद्यार्थी आता एक प्राथमिक छावणी पुरी करून थेट तिसऱ्या वर्षात येऊ शकत होता. दोन वर्षांच्या कवायतीला एका उन्हाळ्याचा पर्याय मिळाला. अनेक विद्यापीठे याच सुमारास सक्ती सोडत होती.

आपल्याकडे नेमके उलटे घडत होते. भारतात १९१७ मध्ये विद्यापीठ दले सुरू झाली, पुढे त्यांची ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झाली, आणि स्वातंत्र्यानंतर पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये एनसीसी स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर. हेच पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले. १९६२ च्या चीन युद्धाचा घाव ताजा असताना १९६३ मध्ये महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली आणि त्याच दशकाच्या अखेरीस सक्ती उठली. त्या वर्षांत कॉलेजात असलेल्या मराठी पिढीला पहाटेची परेड, बुटांची पॉलिश आणि परेडनंतरचा नाश्ता अजून आठवतो. आजही आपल्या ‘सी’ प्रमाणपत्रासाठी शिबिरांची हजेरी लागते. ते प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवलेल्या पदवीधराला लेखी परीक्षेविना सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीला बसता येते. मात्र निवड झाली तरी चेन्नईच्या अकादमीतले प्रशिक्षण चुकत नाही.

इथेच मोठा फरक आहे. आपला कॅडेट शिबिरातून दारापाशी येतो आणि अकादमीत घडतो. अमेरिकेत आरओटीसीच्या कॅडेटला पदवीच्या दिवशीच कमिशन मिळते. त्याच्या शाखेचे शिक्षण नंतर होते, पण तोवर खांद्यावर पट्टी आलेली असते. म्हणून त्या एका उन्हाळ्यावर फार मोठा भार असतो. देशभरातल्या शेकडो कॉलेजांतली मुलेमुली एकाच जमिनीवर, एकाच मापाने पाहण्याची सैन्याला मिळणारी ती एकमेव संधी.

व्हिएतनाम युद्धाच्या वर्षांत आरओटीसी मोडते की काय असे झाले होते. हार्वर्डसारख्या विद्यापीठांनी तिला बाहेर काढले. २ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठातील आरओटीसीची इमारत जाळली गेली आणि दोन दिवसांनी नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. १९७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा भरती टाळण्यासाठी आरओटीसीत येणारेही थांबले. नेमक्या त्याच काळात, १९७२ मध्ये, दहा विद्यापीठांत प्रायोगिक तत्त्वावर स्त्रियांना प्रवेश मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो सर्वत्र खुला झाला. १९७६ मध्ये त्यांतल्या पहिल्या तुकड्या कमिशन घेऊन बाहेर पडल्या. पुरुषांचे आकडे घसरत असताना दार उघडले, हे खरे. पण एकदा उघडले ते पुन्हा मिटले नाही. पायदळ आणि रणगाडा दलासह सर्व लढाऊ शाखा स्त्रियांना खुल्या व्हायला मात्र डिसेंबर २०१५ चा निर्णय यावा लागला.

एप्रिल १९८६ मध्ये आरओटीसीचा कारभार पाहणारी ‘कॅडेट कमांड’ स्थापन झाली. मेजर जनरल रॉबर्ट वॅग्नर तिचे पहिले प्रमुख. त्याआधी ब्रॅग, राइली, लुइस अशा वेगवेगळ्या तळांवर छावण्या भरत आणि प्रत्येकीचा कस वेगळा लागे. वॅग्नर यांच्या काळात मोजमाप एकसारखे करण्यावर भर आला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रगत छावणी वॉशिंग्टन राज्यातील फोर्ट लुइसला एकवटली आणि २०१४ मध्ये तिथून फोर्ट नॉक्सला आली.

फोर्ट नॉक्स म्हटले की लोकांना सोन्याची तिजोरी आठवते. सैनिकांना तिथले चढ आठवतात. त्यांची नावेच ‘मिझरी’, ‘अ‍ॅगनी’ आणि ‘हार्टब्रेक’. जून-जुलैत केंटकीची हवा दमट आणि जड असते, गवतात गोचिडी असतात. आल्यावर शारीरिक चाचणी होते. मग नकाशा आणि होकायंत्र घेऊन एकट्याने जंगलातले खुणेचे खांब शोधायचे, दिवसा आणि अंधारातही. बरोबर मोबाइल नसतो, विचारायला कोणी नसते. रायफलची निशाणबाजी, उंच मनोऱ्यावरून दोराने उतरणे, अश्रुधुराच्या खोलीत मुखवटा काढून श्वास घेणे, बारा मैलांची पाठीवर ओझे घेऊन चाल. शरीराची ही परीक्षा खडतर आहे, पण बहुतेक कॅडेट तयारी करून आलेले असतात.

खरा कस शेवटच्या आठवड्यांत लागतो. तुकड्या जंगलात उतरतात आणि पुढारीपण फिरत राहते. आज कोणी प्लाटूनचा प्रमुख, उद्या तोच साधा रायफलधारी. लपून हल्ला करायचा, छापा घालायचा, शत्रूची भूमिका करणारे सैनिक समोर असतात. झोप अपुरी. मुद्दाम एका कॉलेजच्या मुलांना वेगवेगळ्या तुकड्यांत टाकलेले असते. त्यामुळे ज्यांना हुकूम द्यायचा ते कालपर्यंत परके होते आणि ज्यांनी हुकूम पाळायचा त्यांना माहीत असते की परवा पाळी त्यांची. अशा ठिकाणी आवाज चढवून काम होत नाही. योजना आखताना ऐकून घ्यावे लागते, चुकले तर सर्वांसमोर बदलावी लागते, थकलेल्याचे ओझे उचलावे लागते. सोबतचा अनुभवी अधिकारी किंवा सार्जंट टिपणे घेत असतो. काम संपल्यावर तो कॅडेटला बाजूला घेऊन काय जमले, काय नाही, हे तोंडावर सांगतो.

या टिपणांचे वजन फार असते. कॉलेजातले गुण, शारीरिक क्षमता आणि छावणीतली कामगिरी यांवरून देशभरातल्या कॅडेटांची गुणवत्ता यादी लागते. पूर्णवेळ सैन्यात जागा मिळेल की राखीव दलात किंवा नॅशनल गार्डमध्ये जावे लागेल, हे तिच्यावरून ठरते. हवी ती शाखा मिळण्यातही तिचा वाटा मोठा असतो. साहजिकच काही जण परीक्षकाच्या नजरेसाठी पुढारीपण करतात. छावणीने शिकवायचे की तोलायचे, हा ताण जुनाच आहे आणि त्यापायी अभ्यासक्रमाची मांडणी वरचेवर बदलत आली आहे. मला शिकवण्याची बाजू जड असावी असे वाटते. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने पहिली मोठी चूक इथे, कोऱ्या काडतुसांच्या गोळीबारात करावी; ती करण्याइतका निर्धास्तपणा त्याला मिळायला हवा.

आरओटीसीबाहेरही उन्हाळ्याची ही वाट आहे. वेस्ट पॉइंटचे कॅडेट सुटी कॅम्प बकनरच्या रानात काढतात. मरीन कोअरने १९३५ मध्ये सुरू केलेल्या ‘प्लाटून लीडर्स क्लास’मध्ये तर वर्षभर कॉलेजात कवायतच नसते. व्हर्जिनियातील क्वांटिको येथे सहा आठवड्यांचे दोन उन्हाळे किंवा दहा आठवड्यांचा एक उन्हाळा, एवढाच त्यांचा कस; पण तिथून परत पाठवले जाणारेही कमी नसतात.

२०२० मध्ये कोविडमुळे फोर्ट नॉक्सचा उन्हाळा रद्द झाला. त्या वर्षीच्या कॅडेटांचे प्रशिक्षण आणि मूल्यमापन आपापल्या विद्यापीठांच्या गटांत उरकावे लागले. पुढच्या वर्षी छावणी पुन्हा भरली.

प्लॅट्सबर्गच्या वकिलांनी स्वतःच्या खिशातून गणवेश घेतले होते. आजच्या कॅडेटचे तिकीट, गणवेश, जेवण सरकार देते आणि छावणीच्या दिवसांचे वेतनही मिळते. तरी तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा हाच कंपन्यांच्या इंटर्नशिपचा, घरच्या दुकानात हात देण्याचा, पुढच्या वर्षाच्या फीची तजवीज करण्याचा असतो. आईवडिलांपैकी कोणी कॉलेजची पायरी न चढलेल्या घरातला कॅडेट जूनमध्ये बॅग भरतो, तेव्हा घराचे गणित त्याला आधीच मांडावे लागते. फोर्ट नॉक्सहून ऑगस्टमध्ये परतल्यावर लगेच चौथे वर्ष सुरू होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे जाणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना रात्रीच्या जंगलात नकाशा वाचायला शिकवण्याचे काम त्याच्याकडे येते.